चुब्रित्सा ४१२

१

बुधवारी सकाळी गेनोवेवाबाईंनी भिंतीवर काठीचे तीन ठोके मारले. एक ठोका म्हणजे कॉफी प्यायला ये, दोन म्हणजे दुकानातून काहीतरी आणून दे. तीन ठोके मी त्याआधी एकदाच ऐकले होते. फेब्रुवारीत त्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा. मी अनवाणीच धावलो.

बाई स्वयंपाकघरात टेबलाशी व्यवस्थित बसल्या होत्या. पुढ्यात लॅपटॉप उघडा.

"पडलात?"

"मी कशाला पडतेय! चोरी झालीय, मेतोदी."

"काय गेलं?"

"एका बाईचं नाव."

आमची इमारत दुनावा नदीकाठच्या रूसेच्या जुन्या वसाहतीतली, आठ मजल्यांची. लिफ्ट मार्चपासून बंद, कारण दुरुस्तीवरून खालच्या मजल्यांचं आणि वरच्यांचं भांडण मिटत नव्हतं. बाई सातव्या मजल्यावर. ऑपरेशननंतर स्ट्रेचरवरून वर आल्या त्या आल्या. ऑक्टोबर लागला तरी त्यांच्या पायाला जमीन लागली नव्हती. छत्तीस वर्षं त्यांनी नगरपालिकेत जन्मनोंदणीच्या टेबलावर काढली. आता चार खोल्यांत फेऱ्या मारायच्या आणि 'बरण्या' सांभाळायच्या, एवढाच उद्योग.

'बरण्या' म्हणजे इंटरनेटवरचा आमचा कट्टा. हिवाळ्यासाठी मिरच्या कशा भाजायच्या, कोबी कसा आंबवायचा, यावर अख्ख्या देशातली माणसं तिथे हमरीतुमरीवर येतात. खरं नाव कुणी लावत नाही. बाई तिथल्या व्यवस्थापक, त्यांचं नाव 'झाकण'. मी 'नऊ नंबर', कारण तेवीस वर्षं मी नऊ नंबरची ट्रॉलीबस चालवली. 'आंबट कोबी' नावाचे गृहस्थ प्लेवेनच्या शाळेत उपमुख्याध्यापक आहेत, असं म्हणतात.

"वाच," बाई म्हणाल्या.

मला वाचवेना. मजकूर आमच्या भाषेत, पण अक्षरं लॅटिन आणि मधेमधे चार आणि सहाचे आकडे पेरलेले.

"ज्यांच्या यंत्रावर आपली अक्षरं नसतात ते असंच लिहितात," बाई म्हणाल्या. "'च'ला चार, 'श'ला सहा. दे इकडे, मी वाचते. 'माननीय व्यवस्थापक, मी येथील लेखन थांबवीत आहे. माझे सर्व जुने लेख, छायाचित्रे व उत्तरे सोमवारच्या आत कायमची पुसून टाकावीत. सादर, चुब्रित्सा४१२.'"

चुब्रित्सा हे आमच्याकडे घराघरांत मिठाशेजारी असणारं वाळवलेल्या पाल्याचं नाव. पण कट्ट्यावर चुब्रित्सा म्हणजे एक बाई. चार वर्षं एक दिवसाआड लिहायची. कोण, कुठली, कुणाला ठाऊक नाही. धुक्यातल्या बोटींच्या भोंग्यांबद्दल लिहायची, त्यावरून ती आमच्याच गावची, एवढंच कळलं होतं. मला 'ड्रायव्हर' म्हणायची आणि बाईंना 'झाकणे'. बारा सप्टेंबरपासून मात्र गप्प होती. मिरच्यांच्या हंगामात चुब्रित्सा गप्प, म्हणजे ईस्टरला पाद्री गैरहजर.

"कंटाळली असेल," मी म्हणालो. "तिचं लिखाण, तिने पुसा म्हटलं. पुसा आणि मोकळ्या व्हा."

"चार वर्षं मला 'झाकणे, मूर्खच आहेस' म्हणणारी बाई आज 'माननीय व्यवस्थापक' म्हणते? ही ती नाही, मेतोदी. तिच्या नावात दुसरंच कुणीतरी शिरलंय."

"लोणच्यांच्या कृतींसाठी?"

"कृती कुणी चोरत नाही. पण या माणसाला त्या सोमवारच्या आत नाहीशा व्हायला हव्यात." बाईंनी चष्मा काढला. "सोमवारी काय आहे?"

२

मी कॉफी ठेवली. बाई विचार करायला लागल्या की घरात कुणीतरी काहीतरी ढवळत असावं लागतं, नाहीतर त्या चिडतात.

"नावांचं मला विचार," त्या म्हणाल्या. "आईबाप पोराचं नाव ठेवतात ते आजाआजीच्या धाकाने. माणूस स्वतःला नाव ठेवतो तेव्हा हाताला लागेल ते उचलतो. तू उचललीस तुझी बस. मी उचललं झाकण, समोर पडलं होतं म्हणून. तिने मान वर केली असेल, समोर चुब्रित्साची वाटी दिसली असेल. नावात काही गुपित नाही. गुपित असतं ते आकड्यात."

"गाडीचा नंबर असेल. किंवा फ्लॅटचा नंबर."

"गाडीचा नंबर पुरुष लावतात, बायका मेल्या तरी लावत नाहीत. आणि घराचा नंबर लावण्याइतकी ती बावळट नाही. आकडा कसला असतो सांगू? जो आपल्याला विसरायचा नसतो आणि दुसऱ्याला सांगायचाही नसतो."

त्यांनी चुब्रित्साची पहिली नोंद काढली. चार वर्षांपूर्वीची. 'लेक आली होती. तिने मला हे खातं उघडून दिलं. आता ती गेली. तेव्हा आता तुम्हीच.' एवढीच.

मग बाई खाली खाली उतरत गेल्या. एका ठिकाणी थांबल्या, दुसऱ्या ठिकाणी थांबल्या. चौथ्या ठिकाणी हसल्या.

"हे बघ. चार डिसेंबर. मधाच्या रोट्यांचा फोटो. पुढच्या वर्षी चार डिसेंबर, मधाच्या रोट्या. चारही वर्षं."

"त्यात काय? संत वार्वाराचा दिवस. माझी आईपण रोट्या वाटायची."

"रोट्या सगळ्याच वाटतात. खालचं वाक्य वाच."

चारही फोटोंखाली एकच वाक्य होतं. 'आज मी घरी आहे.'

माझ्या हातातला चमचा थांबला. नावदिवसाला आमच्याकडे आमंत्रण देत नाहीत. ज्याच्या नावाचा संत, त्याने त्या दिवशी टेबल मांडून घरी थांबायचं आणि लोकांनी आपणहून यायचं. चार डिसेंबरला 'मी घरी आहे' असं कोण म्हणेल?

"वार्वारा," मी म्हणालो.

"चौथा दिवस, बारावा महिना. चारशे बारा. नाव लपवलं आणि लपवता लपवता सांगितलंही." बाईंनी पुन्हा त्या चार फोटोंकडे पाहिलं. "चार वर्षं सांगत होती की घरी आहे, या. आम्ही तिला लिहिलं काय, तर रोट्या छान झाल्यात."

"मग आता?"

"आता चोराला एक प्रश्न विचारायचा." आणि त्यांनी टाइप केलं, 'नियमानुसार, पुसण्यापूर्वी ओळख पटवणे आवश्यक. आपल्या नावातील ४१२ चा अर्थ कळवावा.'

"असा नियम आहे?"

"आत्ताच केला."

"पण चोराला उत्तर येणार नाही."

"म्हणूनच तर. खरं उत्तर आपल्याला माहीतच आहे. चुकीचं उत्तर हवंय. ज्याला ठाऊक नसतं तो स्वतःच्या आठवणीतलं काहीतरी काढून देतो."

कॉफी उतू जायच्या आत उत्तर आलं. पुन्हा तीच लॅटिन अक्षरं, तेच चार-सहा. 'माझ्या दिवंगत पतीच्या बार्जचा क्रमांक.'

३

बार्ज म्हणजे दुनावावर माल वाहणारी सपाट बोट. बंदरावरच्या जुन्या खलाशांचा पेन्शनर क्लब मला माहीत होता. बाईंनी मला सात मजले खाली पिटाळलं.

क्लबात चोंको भेटला. एका डोळ्याने अधू, पण फासे टाकण्यात पटाईत. मी दोन डाव मुद्दाम हरलो आणि मग विचारलं.

"चारशे बारा?" त्याने फासे खाली ठेवले. "असपारुख रेझोव्हची. बेलग्रेडपर्यंत कोळसा न्यायची. असपारुखला जाऊन झाली आठ वर्षं. माणूस कमी बोलणारा. पण बायको होती, बापरे! वार्वारा. किनाऱ्यावर उभी राहून बोलायची ते नदीपलीकडे रुमानियात ऐकू जायचं."

"होती म्हणजे?"

"आहे रे. पण डोकं गेलं म्हणतात बिचारीचं. कुणाला ओळखत नाही. भाचा सांभाळतो, प्लामेन. सहा वर्षं बार्जवर हरकाम्या होता. आता बायकोला घेऊन मामीच्या घरातच राहतो, खालच्या मजल्यावर."

"मूलबाळ?"

"एक मुलगी, एलेओनोरा. दर उन्हाळा बापाबरोबर बार्जवर काढायची. त्या डेकवरच चालायला शिकली पोरगी. आता व्हिएन्नात असते. वार्वाराला भेटायला मी गेलो होतो महिन्यापूर्वी, प्लामेनच्या बायकोने दारातून परत पाठवलं. म्हणाली, बाई दिवसभर झाकणाशी बोलते."

"कशाशी?"

"झाकणाशी. म्हणे, झाकणाने असं सांगितलं, आंबट कोबी रागावलाय, ड्रायव्हर दोन दिवस दिसला नाही. तूच सांग, हे शहाण्या माणसाचं बोलणं आहे का?"

पृथ्वीवर तीन माणसं एका म्हातारीला भेटत होती आणि त्या तिघांच्या नावांवरून तिला वेडी ठरवलं जात होतं. त्यातला एक मी.

४

दुसऱ्या दिवशी मी नदीकडच्या त्या गल्लीत गेलो. हातात लुतेनित्साची बरणी, म्हणजे भाजलेल्या मिरच्या-टोमॅटोची आमची चटणी. झाकणावर बाईंनी कागद चिकटवून लिहिलं होतं, 'झाकणाकडून'. खलाशांच्या क्लबकडून असपारुखच्या विधवेला भेट, असं सांगायचं ठरलं होतं. चोंकोने होकार दिला होता.

दार प्लामेनने उघडलं. पन्नाशीचा, आडदांड, पण बोलणं लोण्यासारखं.

"या काका, या. रालित्सा, कॉफी टाक! क्लबने आठवण ठेवली, बरं वाटलं. मामीला मात्र काही समजत नाही हो आता. रालित्साच सगळं करते, भरवण्यापासून."

रालित्सा बारीक चणीची, सतत हात पुसणारी. एप्रनच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा होता. तिने बरणी फिरवून पाहिली.

"'झाकणाकडून'? हे काय?"

"आमच्या बायकांच्या गटाचं नाव आहे," मी म्हणालो. "काहीतरी ठेवायचं म्हणून ठेवलं."

प्लामेन फोनवर कुणालातरी निरोप लिहीत होता. एका बोटाने, ओठ हलवत. मी कॉफीच्या कपावरून पाहिलं. ठसठशीत आमचीच अक्षरं. "'संध्याकाळी... नको... उद्या... या.' हां. काय म्हणत होता काका?"

"मामींना एकदा पाहिलं असतं. क्लबात विचारतील."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग प्लामेन हसला. "बघा की. उलट तुम्ही चारचौघांत सांगाल, तर बरंच आहे."

जिना अरुंद होता. वरच्या दाराचं कुलूप रालित्साने उघडलं. "पडते हो कुठेतरी, म्हणून," ती म्हणाली.

खोलीत उबट, औषधी वास होता. खिडकी खिळे मारून बंद. पलंगाच्या कडेला एक म्हातारी बाहेर जायचा कोट घालून बसली होती. बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"रोज घालून बसते," रालित्सा कुजबुजली. "काढू देत नाही."

म्हातारीचे डोळे जड होते. झोपेच्या थेंबांची बाटली टेबलावरच होती. मी समोर बसलो आणि बरणी त्यांच्या मांडीवर ठेवली, कागद त्यांच्याकडे करून.

"मी मेतोदी. तेवीस वर्षं नऊ नंबर चालवला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. झाकणाकडे पाहत राहिल्या. इतका वेळ की मला वाटलं, झोप लागली.

"मामी!" प्लामेन मोठ्याने म्हणाला. "पाहुण्यांना नाव सांग! नाव काय तुझं?"

म्हातारीने मान वर केली. जीभ जड होती, पण शब्द नीट आला.

"चुब्रित्सा."

प्लामेन खदखदून हसला. "घ्या! स्वतःला मसाला समजते! सोमवारी न्यायाधीशांसमोर हेच सांगितलं की झालं."

रालित्साही हसली. मला हसणं भाग होतं. मी हसलो. आयुष्यात इतकं घाणेरडं मला कधी वाटलं नाही.

मी उठलो तेव्हा त्या बाईंनी माझी बाही धरली. "नऊ नंबर," त्या म्हणाल्या, "इथे थांबतो का अजून?"

"बघा," रालित्सा म्हणाली. "या गल्लीत ट्रॉली कधी आलीच नाही."

"थांबतो," मी म्हणालो.

बाही सुटली. माझ्या मागे कुलूप लागलं.

५

सात मजले मी कसे चढलो ते आठवत नाही. बाईंसमोर धापा टाकत सगळं ओकून टाकलं. सोमवारी कोर्ट आहे. वार्वाराला कायद्याने अजाण ठरवायचा अर्ज आहे. एकदा ते झालं की तिची सही, तिचं घर, तिचं राहणं-जाणं, सगळं दुसऱ्याच्या हातात.

"आणि चार वर्षांचं खणखणीत लिखाण त्या अर्जाच्या आड येतं," बाई म्हणाल्या. "तारीखवार. मागच्या ऑगस्टात तिने आंबट कोबीला व्हिनेगरच्या हिशोबात पकडलं होतं. असली बाई अजाण कशी? म्हणून पुसायचं."

"प्लामेन! त्याचा गळा धरावासा वाटत होता. बार्जवर होता, त्यामुळे आकड्यावरून बार्जच आठवली. सगळं जुळतं."

"कुलूप प्लामेनचं. थेंब रालित्साचे. पण संदेश त्यांनी लिहिला नाही."

"कशावरून?"

"तूच बघून आलास. प्लामेनच्या फोनवर कुठली अक्षरं होती?"

"आपलीच."

"इथे ज्याच्या फोनवर आपली अक्षरं आहेत, तो चार-सहा कशाला ठोकेल? ते लिहितं परदेशातलं माणूस, परदेशातल्या यंत्रावर. आणि नुसतं नाव माहीत असून चालत नाही, मेतोदी, परवलीचा शब्द लागतो. वार्वाराला झोपेचे थेंब देऊन तो काढता आला असता, तर महिन्यापूर्वीच काढला असता आणि तेव्हाच पुसलं असतं. हा शब्द कुणाकडे तरी आधीपासून होता. खातं उघडलं त्या दिवसापासून."

'लेक आली होती. तिने मला हे खातं उघडून दिलं.'

"स्वतःची मुलगी?" मी म्हणालो.

"उन्हाळे बार्जवर काढलेली. आई म्हणाली असेल, चारशे बारा लाव. हिने लावलं. का, ते विचारलं नाही. बाबांची बार्ज, असं धरून चालली. चार वर्षं धरून चालली."

मला ते पटत होतं आणि पटवून घ्यायचं नव्हतं. "अंदाज आहे हा तुमचा."

"हो ना. मग विचारू."

त्यांनी चुब्रित्सा४१२ ला उत्तर लिहिलं. खाली आपला फोन नंबर दिला आणि वर फक्त एक ओळ, 'एलेओनोरा, फोन कर.'

अकरा मिनिटं काही झालं नाही. मग फोन वाजला.

६

बाईंनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"कोण बोलतंय?" बायकी आवाज, दमलेला. मागे यंत्रांची घरघर. ती एका हॉटेलच्या धुलाईखान्यात काम करत होती, असं नंतर कळलं.

"झाकण."

"झाकण?"

"तू मला ओळखतेस," बाई म्हणाल्या. "तूच आईला माझ्याकडे बसवून दिलंस. मग ती झाकणाशी बोलते असं प्लामेनने तुला सांगितलं, तेव्हा तू काय म्हणालीस? म्हणालीस का, अरे ती माणसं आहेत, खरीखुरी?"

"मला वाटलं... तिचं खूपच वाढलंय. प्लामेन म्हणाला, जेवण सोडून त्याच्यातच असते."

"म्हणालीस का?"

"नाही."

"पुसायला का सांगितलंस?"

"वकील म्हणाला, हे कोर्टाने वाचलं तर अर्ज टिकणार नाही."

"म्हणजे ती शहाणी आहे हे तुला ठाऊक होतं."

"तुम्हाला काय जातंय बोलायला!" आवाज फाटला. "मी तिला इथे आणू शकत नाही. दोन खोल्यांत चार जण राहतो आम्ही. तिथे यावं तर नोकरी जाते. फोन वाजला की वाटतं, पडली असेल, गॅस उघडा राहिला असेल. घर विकलं असतं तर चांगल्या ठिकाणी ठेवलं असतं तिला. ती सही करत नव्हती. आठ वर्षं मी अशी अडकलेय, कुणी विचारलं का मला?"

"नाही विचारलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "अडकली असशील. मीही फेब्रुवारीपासून सातव्या मजल्यावर आहे. पण तुझ्या आईच्या खिडकीला खिळे मारलेत, हे तुला माहीत आहे का?"

"काय?"

"खिळे. आणि दाराला बाहेरून कुलूप. आणि ती दिवसभर कोट घालून बसते. आमचा ड्रायव्हर आज बघून आला."

रडणं ऐकू आलं नाही. फक्त यंत्रं थांबली, किंवा ती त्यांच्यापासून दूर गेली असावी.

"हे मला नाही सांगितलं त्याने," ती म्हणाली. मग एकदम, लहान मुलीसारखी, "चारशे बारा म्हणजे बाबांची बार्जच ना?"

"नाही ग."

"मग?"

"ते तुझ्या आईला विचार. सोमवारी."

७

सामाजिक खात्यात देसिस्लावा म्हणून एक अधिकारी आहे, बाईंच्या हाताखाली शिकलेली. शुक्रवारी दुपारी ती डॉक्टर आणि हवालदार घेऊन त्या गल्लीत गेली. कोट घातलेलाच असल्यामुळे वार्वाराबाईंना निघायला वेळ लागला नाही. शनिवार-रविवार त्या इस्पितळात होत्या. थेंब बंद झाले.

सोमवारी मी चार वर्षांच्या लेखांच्या छापील प्रती तीन पिशव्यांत भरून कोर्टात नेल्या. गेनोवेवाबाईंनी लेखी जबाब दिला होता. एलेओनोरा रात्रभर बसप्रवास करून आली होती. बाकाच्या टोकाला बसली, आईकडे न बघता. प्लामेन नवीन शर्टात.

न्यायाधीश बाई होत्या, चष्मा नाकावर घसरलेला. "हे सगळं या टोपणनावाने लिहिलेलं आहे," त्या म्हणाल्या. "ते तुम्हीच लिहिलं, हे मी कसं समजू?"

"उघडा कुठलंही पान," वार्वाराबाई म्हणाल्या. आवाज खरंच रुमानियात ऐकू जाईल असा होता.

न्यायाधीशांनी मधलंच एक पान काढलं. "'हिरव्या टोमॅटोला पाच लिटर पाण्यात मीठ'..."

"तीन मुठी. छापलेलं असेल चार, तेव्हा चष्मा फुटला होता. दुसऱ्या दिवशी खाली दुरुस्ती केलीय. आणि त्याखाली एका गाढवाने विचारलंय की मूठ कुणाची. त्याला मी लिहिलं, तुझ्या बायकोची."

न्यायाधीशांनी खाली वाचलं. ओठ दाबले. "आणि हा आकडा?"

"चार डिसेंबर. माझा नावदिवस. त्या दिवशी मी घरी असते."

कुणाकडे बघून म्हणाल्या नाहीत. पण बाकाच्या टोकाला एलेओनोराने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

अर्ज फेटाळला गेला. प्लामेन-रालित्साची चौकशी पुढे पोलिसांकडे जाणार होती, पण ती होईपर्यंत त्यांना घराबाहेर काढता येणार नव्हतं. खालचा मजला असपारुखने कधीकाळी भाच्याला कागदावर राहायला दिला होता.

कॉरिडॉरमध्ये एलेओनोरा आईसमोर उभी राहिली. "आई, माझ्याबरोबर चल. काहीतरी करू."

"तुझ्याकडे जागा नाही."

"करू काहीतरी."

"परत जा, पोरी. बस चुकेल." वार्वाराबाईंनी तिच्या कोटाची कॉलर नीट केली, बऱ्याच वेळा. "फोन करत जा. पण भीती वाटली म्हणून नको करू."

देसिस्लावाने विचारलं, "तुम्ही कुठे जाणार? आश्रमात जागा आहे."

"माझ्या घरी."

"त्या लोकांबरोबर?"

"घर माझं आहे. मी का जाऊ?"

दुपारी मी त्यांना घेऊन गेलो. वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून एक दणकट कडी घेतली. प्लामेन जिन्याखाली उभा होता. बाजूला झाला नाही. आम्ही अंग चोरून वर गेलो. मी बाहेरचं कुलूप उपटून काढलं, खिडकीचे खिळे काढले आणि दाराला कडी बसवली, आतून. तासभर लागला. वार्वाराबाई खुर्चीत बसून मला स्क्रू कसा फिरवायचा ते सांगत होत्या, खाली रालित्सा भांडी आपटत होती.

काम झालं तसं त्यांनी कोट काढून खुंटीला टांगला.

"येऊ का मी?" मी विचारलं. "की थांबू?"

"जा. झाकणाला सांग, उद्या लिहिते."

मी बाहेर आलो. मागे दार लागलं. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होतो तेव्हा कडी सरकल्याचा आवाज आला. मग उघडल्याचा. मग पुन्हा लागल्याचा. खाली प्लामेन मान वर करून ऐकत होता. आम्ही दोघेही तिथेच उभे राहिलो, आणि वर ती म्हातारी आपल्या खोलीचं दार लावत होती, उघडत होती, लावत होती.